माझ्या नावाचं बेट

आमच्या परसातलं वेळूचं बेट मी लावलं. तेव्हा मी सोळा वर्षांची होते, नवी नवरी होते आणि मला दुसरं काही नको, आंघोळीला आडोसा पाहिजे होता.

न्हाणी म्हणजे परसातला एक सपाट दगड. दोन मेढी रोवून सासूबाईंनी त्यांचं जुनं लुगडं आडवं बांधलेलं. वारा सुटला की लुगडं उडायचं आणि मी बसल्या जागी आणखी खाली बसायची. पलीकडून ओढ्याची पायवाट. तिच्यावरून गुरं जायची आणि गुरांच्या मागून माणसं. गुरांचं मला काही वाटत नव्हतं.

बुरडाची बायना माझ्याच वयाची. गावचीच लेक, नवरा घरजावई आलेला, म्हणून लग्नानंतरही गावातच राहिलेली. तिच्या आईनं जिंतूरच्या अंगाकडून वेळूचे भारे आणले होते, त्यात एक वेळू मुळासकट आला होता. मुळाला कोंब फुटलेला. बायना तो गड्डा पदराआड घेऊन आली.

"न्हाणीच्या पाण्यावर लावा, वैनी," ती म्हणाली. "दोन पावसाळ्यात भिंत होती बगा."

मी लावला. चिखलात दोन्ही हातांनी खड्डा केला, गड्डा ठेवला, माती लोटली, पायानं दाबली. इतकं सोपं काम मी सासरी आल्यापासून केलं नव्हतं.

संध्याकाळी सासूबाई परसात आल्या. तानुबाई त्यांचं नाव. आवाज असा की वालूरच्या बाजारात हाक मारली तर दीड कोसावरच्या आमच्या गावात कुत्री उठावीत. त्यांनी तो कोंब बघितला, मला बघितलं आणि छाती धरून खालीच बसल्या.

"बया बया बया! कालची आलेली पोर, अन् सोताची तिरडी लावून बसली!"

तेव्हा मला कळलं. आमच्या माहेरी वेळूच नव्हते, तर वेळूचा रिवाज कुठून असणार? या गावात वेळू लावायचा तो पिकल्या माणसानं. नातवंडं बघितलेल्यानं, दात पडलेल्यानं, ज्याला कुठं जायची घाई नाही पण जायचं ठरलेलं आहे अशानं. कारण बेटातला पहिला वेळू लावणाराच्या तिरडीला लागतो. तो लागला की मग बेट मोकळं. कोणीही तोडा, काहीही करा. तोवर कोयता लावायचा नाही. लावला, तर वेळू आपला माणूस मागून घेतो.

"मग उपटून टाकते," मी म्हटलं.

"उपटती? वेळू उपटती? वंश उपटायचाय का माझा?"

म्हणजे ठेवावा तर माझी तिरडी, उपटावा तर त्यांचा वंश. असा तो कोंब दोन बायकांच्या मधे उभा राहिला. त्याला कोणी काही सांगितलं नव्हतं, त्यामुळं तो आपला वाढला.

दोन पावसाळ्यांत खरंच भिंत झाली. मी लुगडं काढून टाकलं. पाचसात वर्षांत बेट कुडाच्या वर गेलं, दहा वर्षांत घराच्या वर. वारा आला की करकरायचं. गावातली माणसं येता-जाता बेटाकडं बघायची आणि मग माझ्याकडं बघायची. बाळंतपणात जरा ताप आला तरी म्हातारी माणसं आधी परसात डोकावून जायची. दोन लेकी झाल्या, मोठ्या झाल्या, लग्नं करून गेल्या. मी काही गेले नाही. अठ्ठेचाळीस साली पोलीस ॲक्शनच्या आधी गाव ओस पडलं, आम्ही चार महिने वाशीमकडं जाऊन राहिलो. परत आलो तर दाराची चौकट गेलेली, न्हाणीचा दगडसुद्धा गेलेला. वेळू मात्र एक कापलेला नव्हता. चोरालाही ठाऊक असणार, ते केशरबाईचं, म्हणजे माझं, आहे.

असं सव्वीस वर्षं चाललं. आपण मुंबई राज्यात गेलो त्याच्या तिसऱ्या वर्षापर्यंत.

त्या साली येलदरीला धरणाचं काम जोरात होतं. पूर्णेच्या पात्रात हजार माणसं माती उचलायला लागली आणि हजार माणसांना हजार टोपल्या. डोंगराकडून वेळूच्या गाड्या वालूरला यायच्या त्या यायच्या बंद झाल्या. सगळ्या तिकडंच रिकाम्या व्हायला लागल्या. बायनाच्या दारात वेळूचा एक भारा नाही असं मी पहिल्यांदा बघितलं. तिचा नवरा वारून नऊ वर्षं झाली होती. मुलगा मुंजाजी आणि सून तिच्याजवळ.

मुंजाजी म्हणाला, "माय, टोपल्या विणायला वेळू न्हाई तर टोपल्या उचलायला जाऊ. तिगंबी जाऊ. पौषाची अवस सरली की निघायचं. मुकादमाला कबूल केलंय."

"अन् घर?"

"घराला कुलूप."

हे बायनानं मला सांगितलं तेव्हा मी जोंधळे पाखडत होते, तिनंच विणलेल्या सुपात. पाखडणं थांबलं नाही, पण पुढं किती खडे सुपात राहिले ते संध्याकाळी भाकरीत कळलं.

बायना म्हणजे माझी कोण, हे सांगायला शब्द नाही. रोज दुपारी ती तिच्या ओसरीवर वेळू चिरून कामट्या काढायची आणि मी तिच्यासमोर बसायची. काही खास बोलत नसू. ती आपल्या सुनेला नावं ठेवायची, मी माझ्या जावयांना. पण ती दुपार नसती तर ही सव्वीस वर्षं मला जड गेली असती. मला अक्षरं आली तीही तिच्या ओसरीवरच. लेकीची पाटी घेऊन मी तिथं गिरवायची, घरी सासूबाई बघतील म्हणून. आता ती या वयात येलदरीला जाऊन डोक्यावर माती वाहणार. आणि माझ्या परसात शंभरावर वेळू नुसते करकरत उभे.

"बायना," मी म्हटलं, "आमचं बेट तोड."

ती माझ्याकडं बघतच राहिली. "वैनी, तुमी ठीक हाव न्हवं?"

"मरायला लागल्यावरच तोडायचं का? मला काय झालंय? ढेकूण मारायला चालते, जातं ओढायला चालते."

"ते हाय म्हणा."

कार्तिकाची पुनव झाल्यावर, चौथ्या दिवशी, ती कोयता घेऊन बेट बघायला आली. तोडायला नाही, नुसतं बघायला. मी तिच्यामागं फिरले. तिनं कोयत्याच्या पाठीनं एकेका वेळूवर टकटक केली, कान लावला, अंगठा फिरवला.

"हा बगा, अंगावर पांढरी भुकटी, गाठीला खोळ चिकटलेली. हा यंदाचा. लेकरू हाय, कापलं तर आठ दिवसात सुरकुततं. ह्या हिरव्याला हात लावा, भुकटी गेली. दोन सालाचा. ह्याच्या कामट्या निघत्यात लोण्यासारख्या, टोपल्याला ह्योच. अन् ह्यो पिवळसर, डाग पडलेला, ह्यो तीन-चार सालाचा. आढ्याला, दांड्याला. त्याच्या म्होरं गेला की म्हातारा, वाकवला की तडकतो."

"अन् कधी तोडायचा?"

"दिवाळी ते शिवरात. त्यातबी अंधाऱ्या पाखात. चांदण्यात रस वर चढतो, अंधारात मुळात बसतो. रस वर असताना तोडला की कीड लागली म्हणूनच समजा. वर्षात टोपलीतून पीठ गळतं." मग ती बेटाच्या मधोमध डोकावली आणि तिचा चेहरा उतरला. "वैनी, यंदा कोंब किती आले?"

मी मोजले होते. "सात."

"माझ्या मायनं आणलेला गड्डा हाय ह्यो. तीस यायला पायजेत. मधले सगळे वाळून गेलेत, नव्याला जागाच न्हाई. तुमच्या बेटाचा जीव कोंडायलाय."

तिच्या रिवाजाचीही एक अट होती. दुसऱ्याच्या बेटाला बुरूड पहिला घाव घालत नाही. पहिला घाव घरच्या हाताचा. मग पुढचं बुरडाचं.

म्हणजे गोष्ट आली आमच्या घरवाल्यांवर.

त्यांचं नाव माणिकराव. तोंडानं मी उखाण्यापुरतंच घेतलेलं आहे. माणूस धीट. गावात देवी टोचायला माणसं आली तेव्हा सगळी पळाली, यांनी पहिला दंड पुढं केला. वडाखालच्या ज्या तुकड्यात कोणी औत घालत नव्हतं, तिथं भर दुपारी जाऊन यांनी नांगरट केली आणि करडई घेतली. ग्रामपंचायत झाली तेव्हा हेच म्हणाले, जुनं खूळ आता गुंडाळून ठेवा. तेव्हा मला वाटलं, यांना सांगायचा अवकाश.

"तोडू की," ते म्हणाले. "त्याला का लागतंय?"

आणि दुसऱ्या दिवशी म्हणाले, "मुळात अजून पावसाचं पाणी हाय. आश्रुबा म्हणला."

आश्रुबा आमचा शेजारी. त्याला सगळ्यातलं कळतं.

बायना हसली. "आश्रुबाला वेळू अन् ऊस येगळा दिसतो का, इचारा."

कार्तिकाचा अंधारा पाख असा गेला. मार्गशीर्षाची पुनव झाली. मी आठवण केली.

"कोयत्याला धार न्हाई," हे म्हणाले.

धार लावायला कोयता लोहाराकडं गेला. लोहार लेकीच्या गावाला गेलेला. तो आला, धार लावली. तर यांनी त्याच कोयत्यानं दिवसभर बाभळीच्या फांद्या तोडल्या आणि संध्याकाळी मला कोयता दाखवला. "बग, गेली धार." पुन्हा लोहार. मग एक दिवस मंगळवार होता. एक दिवस पाठीत उसण भरली, ती मी शेकायला गेले तर कुठल्या बाजूला भरली ते यांना आठवेना. एक दिवस बैल सुटला. बैल कोणी सोडला ते बैलाला आणि यांना माहीत.

मार्गशीर्षाची अमावास्या झाली. बायनाच्या दारात मुंजाजीनं जुनी गोणपाटं शिवायला काढली होती, येलदरीच्या झोपडीला.

मी मुंजाजीला म्हटलं, "वेळू मिळाले तर मायला ठेवशील का इथं?"

"ठेवीन की, मामी. मला का हौस हाय मायच्या डोक्यावर माती द्यायची? तिनं हितं विणायचं, मी पंधरा दिवसाला येऊन टोपल्या न्यायच्या. धरणावर टोपली आठ दिवस टिकत न्हाई, कितीबी लागत्यात." मग सुईत दोरा ओवत, माझ्याकडं न बघता म्हणाला, "पण मामी, खरं सांगू? मामा तोडत न्हाईत. तुमी वाट बगू नका."

पौषात ज्वारी हुरड्यात आली. पुनव झाली, संकष्टी झाली. पाच दिवसांवर अमावास्या. दुपारी मी भाकरी घेऊन शेतात गेले तर यांनी बांधावर आगटी पेटवली होती. कणसं भाजत होते. मी समोर बसले. यांनी एक कणीस घेतलं आणि तळहातावर चोळायला लागले.

"मला एक सांगा," मी म्हटलं. "तुमाला भेव वाटायलंय का?"

"मला? कशाचं?"

"मी मरन म्हणून."

"येडी का खुळी तू?" कणीस संपलं. दुसरं घेतलं. "असल्या गोष्टी मानतो का मी? सगळ्या गावाला ठाऊक हाय."

"मग तोडा की."

"तोडतो की."

"कवा?"

तिसरं कणीस. समोरच्या फडक्यावर हुरड्याचा ढीग झाला होता. मला द्यायचं यांच्या ध्यानात नव्हतं, स्वतः खायचंही नव्हतं. नुसते चोळत होते. तळहात लाल झाले होते.

"आईनं शपथ घातलीया," एकदम म्हणाले.

"कोणाला?"

"मला. जायच्या आधी दोन दिवस. तू कांजी करायला आत गेलतीस. मला जवळ बोलावलं, हात धरला अन् म्हणली, माणक्या, केशर हाय तवर त्या बेटाला कोयता लावू नगंस. तिला कळत नव्हतं तवा लावलंय तिनं. त्याचं तिच्या अंगावर येऊ देऊ नगंस." त्यांनी हात झटकले. "मी हो म्हणलो."

मला ती कांजी आठवली. मी ती घेऊन बाहेर आले, चमच्यानं भरवली आणि सासूबाई म्हणाल्या, खारट झालीय. अठरा वर्षांत त्यांनी माझ्या हाताचं काही गोड म्हटलं नव्हतं. जातानाही म्हटलं नाही. माझी भाकरी जाड, माझा सडा पातळ, माझ्या लेकी काळ्या. मी मनात म्हटलं होतं, आता सुटले. आणि त्यांनी आधीच, मी आत चुलीपुढं बसलेली असताना, आपल्या लेकाचा हात धरून ठेवला होता.

मी उठून ज्वारीत गेले. कणसं खुडून आणते म्हटलं. ज्वारी माझ्या डोक्यावरून दोन हात उंच. बराच वेळ आत उभी राहिले. एक कणीस खुडलं नाही.

बाहेर आले तेव्हा हे तसेच बसलेले.

"इतके दिवस सांगितलं न्हाई ते?"

"काय सांगायचं? एकीकडून म्हणायचं हे सगळं खूळ हाय अन् एकीकडून..." यांनी आगटीत काडी घातली.

मी हुरड्याची मूठ भरली, त्यांच्या हातात दिली, एक मी घेतली. खाता खाता डोकं चालायला लागलं. रिकाम्या पोटी माझं डोकं चालत नाही.

"शपथ कोणाला घातली?"

"सांगितलं की. मला."

"कोयता कोणी लावायचा न्हाई?"

"मी."

"मग झालं की."

त्यांना कळायला जरा वेळ लागला. मग चावणं थांबलं. "तू?"

"बायनाला घरचा हात पायजे. मी का बाहेरची हाय?"

"बाईमाणसानं बेटाला कोयता लावायचा?"

"लावताना बाईमाणूस चाललं, तोडताना का चालत न्हाई? अन् वेळू माझा हाय न्हवं? पहिला लावणाराचा, असंच हाय न्हवं? तर मग माझा मला घेऊ द्या. मी मेल्यावरच घ्यायचा असं कुठं लिवलंय?"

यांनी आगटीवर माती लोटली. जेवताना ताटाकडं बघत एवढंच म्हणाले, "धार हाय कोयत्याला. परवाच लावून आणलीय."

अमावास्येच्या आदल्या दिवशी, सकाळी ऊन अंगणात उतरल्यावर, बायना आली. तिच्यामागं मुंजाजी आणि सून. मी कासोटा घट्ट खोचला, पदर कमरेला बांधला. सासूबाईंचं नाव घेतलं मनात; देवाचं राहिलं.

बायनानं आतला एक वेळू दाखवला. पिवळसर, डाग पडलेला, चार सालाचा. "ह्यो. जमिनीपसून दुसऱ्या गाठीच्या वर, गाठीला लागून. गाठीवर पोकळ नळी भांड्यावाणी ठेवू नका, त्यात पाणी साठतं अन् मूळ सडतं. तिरका घाव घाला, वैनी. भ्याचं न्हाई."

खोटं कशाला सांगू, सव्वीस वर्षं मी या गोष्टीवर हसले होते, आणि कोयता उचलल्यावर मला माझ्या दोन्ही लेकींची तोंडं दिसली. बेट करकरलं. हे लांब निंबाखाली हाताची घडी घालून उभे होते. येणार नाही म्हणाले होते, पण शेतातही गेले नव्हते.

पहिला घाव निसटला. वेळूचं अंग गुळगुळीत. कोयता घसरून खाली मातीत. दुसरा बसला. नवव्या घावाला वेळू सुटला.

सुटला आणि तिथंच उभा राहिला.

कोणालाच कळेना. बुडापासून तुटलेला वेळू, पण पडायचं नाव नाही. वरची शेंडी सव्वीस वर्षांच्या गुंत्यात अडकलेली. मी ओढला. बायनानं ओढला. मुंजाजी आणि सून लागले. वेळू हातभर खाली यायचा आणि परत वर जायचा.

"आमच्या मामीसारखाच हाय," मुंजाजी म्हणाला. "जायचं नाव काढंना."

"हास, मेल्या," बायना म्हणाली, पण तीही हसायला लागली, आणि हसताना तिचा हात सुटला. वेळू एकदम गिरकी घेऊन माझ्या अंगावर आला.

मी बघते तर हे मधे. निंबाखालून कधी आले, कळलं नाही. दोन्ही हातांनी वेळू छातीशी धरलेला, दम लागलेला, चेहरा पांढरा.

"सर बाजूला," माझ्यावर ओरडले. "अक्कल हाय का? असं खाली उभं राहत्यात का?"

"तुमी कोयता न्हाई लावला," मी म्हटलं. "शपथ मोडली न्हाई."

"गप."

त्यांनी पाय रोवून ओढला. वर काड्या मोडल्या, पानं झडली आणि तो लांबच्या लांब वेळू सरसरत अंगणात आला. आम्ही पाचही जण त्याच्या भोवती उभे राहिलो. इतका लांब असेल असं उभा असताना वाटलं नव्हतं.

नेमका त्याच वेळी पायवाटेनं आश्रुबा आला. अंगणात वेळू आडवा, माणसं गोळा झालेली, यांचा चेहरा उतरलेला. त्यानं चपला काढल्या, डोक्याचं मुंडासं काढलं आणि हळूच विचारलं, "माणिकराव, कवा झालं?"

"मला जाऊन जरा वेळ झाला, आश्रुबा मामा," मी मागून म्हटलं. "च्या टाकू का?"

त्यानं मला बघितलं आणि चपला न घालताच पाच पावलं मागं गेला. मग मात्र हे हसले. कार्तिकापासून पहिल्यांदा.

त्या दिवशी आणि अमावास्येच्या दिवशी मिळून बायनानं पंचेचाळीस वेळू तोडले. दोन सालाचे टोपल्यांना, जुने बाजूला. आतले वाळलेले काढताना बेटाच्या पोटात ऊन पडलं. तिथं माती कधी कोरडी झालेली मी बघितली नव्हती. हे दोन्ही दिवस ओढायला होते. कोयत्याला शिवले नाहीत. कोणी कोयता मागितला तरी पायानं सरकवायचे.

पुढचे आठ दिवस माझे मजेत गेले. मला शिंक आली की हे ओट्यावरून आत यायचे. विहिरीवर गेले की काही काम नसताना विहिरीवर. एकदा मी दुपारी जरा आडवी झाले तर डोळे उघडले तेव्हा हे समोर उकिडवे बसलेले.

"काय?"

"काय न्हाई. तंबाखू शोधायलाव."

तंबाखूची चंची त्यांच्या कमरेला होती.

पहिल्या वेळूचं काय करायचं, हा प्रश्न त्यांना होता, मला नव्हता. मी तो ओसरीच्या वळचणीला दोन दोऱ्यांनी आडवा टांगून घेतला आणि त्यावर लुगडी वाळत घालायला लागले. गावातल्या बाया चार दिवस बघून गेल्या. मग बघायला काही राहिलं नाही.

मुंजाजी आणि त्याची बायको ठरल्या दिवशी येलदरीला गेली. बायना राहिली. गाडी ओढ्यापलीकडं गेल्यावर ती बराच वेळ वाटेकडं बघत उभी होती. लेक जायचा तो गेलाच. मग घरी येऊन तिनं वेळू मांडीवर घेतला आणि बुडाकडून कोयत्याचं टोक घातलं. वेळू कटकट करत शेंडीपर्यंत उकलला. मी समोर बसले.

"सून बरी होती तशी," ती म्हणाली.

"जाऊ दे की पंधरा दिवस. मग परत वाईट होईल."

पावसाळा बरा झाला. श्रावणात बेटात कोंब वर आले, जाड, जांभळट, खोळीत गुंडाळलेले. यांनी मला सांगितलं नाही, पण रोज सकाळी चूळ भरायला ते परसातच जायचे आणि चूळ भरायला फार वेळ लागायचा. दसऱ्याच्या तोंडावर कोंबांचे वेळू झाले, खालच्या खोळी गळून पडल्या. घर पोतारून झालं होतं. डेऱ्यात थोडा चुना उरलेला. मी डेरा धुवायला परसात घेऊन गेले तर हे तिथं, हातात काडीला गुंडाळलेली चिंधी.

"तो चुना टाकू नगंस. इकडं आण."

मी वाटीत चुना काढून दिला. त्यांनी चिंधी बुडवली आणि एका नव्या वेळूच्या पेरावर, गुडघ्याएवढ्या उंचीवर, एक पांढरा टिपका लावला.

"ह्ये का?"

"बायनाला इचारलं मी. कोण कधीचा ते आपल्याला कळत न्हाई न्हवं? ह्यो यंदाचा, एक टिपका. म्होरल्या दसऱ्याला दुसरा लावायचा. टोपलीचा दोन टिपक्यावर तोडायचा, दांड्याचा तीन झाल्यावर. त्याच्या आधी न्हाई." ते दुसऱ्या वेळूकडं सरकले. "एकोणतीस हाईत. मोजलेत मी."

"अन् तीन टिपके झाल्यावर तोडायचा कोणी?"

"कोणी म्हंजी?" त्यांनी वळून बघितलंही नाही. चिंधी वाटीत बुडवायला हात मागं केला. "तूच. मला शपथ हाय."

मी वाटी त्यांच्या हाताखाली धरली. अठ्ठावीस टिपके राहिले होते.